जमिनीचं वजन कसं करतात, आणि त्यातून काय कळतं

(कोयना आणि वारणेच्या पट्ट्यातल्या जंगलगावांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं हे बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. वाडीवर एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि मधेच थांबवून विचारावं.)



आज आपण दाव्यांच्या कागदांवर बोलणार नाही, ते दुपारच्या सत्रात आहे. आत्ताचा विषय आहे गुरुत्वमापन. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही. आपल्या पायाखाली कोणता दगड आहे, किती जाड आहे, त्याच्याही खाली काय आहे, हे खणल्याशिवाय ओळखायची ही एक रीत आहे. सातारा-सांगलीच्या डोंगरात ती पन्नासहून जास्त वर्षं वापरात आहे, आणि आपल्याला मात्र तिच्याबद्दल कुणी बसून काही सांगितलेलं नाही.

मग गावात काय होतं? दोन माणसं बादलीएवढा डबा घेऊन येतात. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पायरीवर, देवळाच्या ओट्यावर डबा ठेवतात. पाच-दहा मिनिटं वाकून बघतात, वहीत आकडा लिहितात, खूण करतात आणि गाडीत बसून पुढच्या गावाला जातात. त्यांच्या मागं गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं खाण येणार. कुणी म्हणतं गाव उठणार. कुणी म्हणतं भूकंप कवा येणार ते ह्या डब्याला कळतं, पण सरकार लपवतं. धरणानं एकदा उठवलेली, अभयारण्यानं पुन्हा उठवलेली आपली माणसं आहेत. लाल रंगाची खूण दिसली की त्यांच्या पोटात गोळा येणारच. ती भीती खोटी नाही. पण भीती कोणत्या माणसाची, कोणत्या कागदाची धरायची हे कळायला हवं. नाहीतर डबेवाल्याला अडवण्यात आपण दिवस घालवू आणि ज्याला अडवायचं तो मागच्या वाटेनं येऊन जाईल.

डब्यात काय असतं

पृथ्वी प्रत्येक वस्तूला खाली ओढते. त्या ओढीला आपण वजन म्हणतो. ही ओढ सगळीकडं सारखी असते असं आपण धरून चालतो, पण ती सारखी नसते. पायाखाली जड दगड असला तर ओढ किंचित जास्त, हलका दगड असला तर किंचित कमी. डोंगरावर चढलं की आपण पृथ्वीच्या मध्यापासून लांब जातो, म्हणून ओढ कमी होते.

एक उदाहरण घेऊ. कराडच्या बाजारात पन्नास किलोचं तांदळाचं पोतं स्प्रिंगच्या काट्याला लावलं आणि तेच पोतं, तोच काटा घेऊन महाबळेश्वरला गेलो. महाबळेश्वर कराडपेक्षा सुमारे ८०० मीटर उंच आहे. तिथं तेच पोतं साधारण आठ ग्रॅमनं कमी भरेल. तांदूळ कुणी काढला नाही, ओढ कमी झाली. आता हेच पोतं दोन पारड्यांच्या तराजूत घातलं तर फरक दिसणार नाही, कारण दुसऱ्या पारड्यातली मापंही तेवढीच हलकी झालेली असतात. म्हणून ओढ मोजायला तराजू चालत नाही, स्प्रिंग लागते. त्या डब्यात हेच असतं. अगदी नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं बारीकसं वजन. ऊन-थंडीनं स्प्रिंग सैल-ताठ होऊ नये म्हणून डब्याच्या आतलं तापमान एकसारखं राखतात. ह्या यंत्राला गुरुत्वमापी किंवा ग्रॅव्हिमीटर म्हणतात.

मापाचं नाव आहे गॅल. गॅलिलिओ नावाच्या जुन्या शास्त्रज्ञावरून ते पडलं. पृथ्वीची ओढ विषुववृत्तावर सुमारे ९७८ गॅल आणि ध्रुवावर सुमारे ९८३ गॅल असते. एका गॅलचा हजारावा भाग म्हणजे मिलिगॅल. पन्नास किलोच्या पोत्यात एका मिलिगॅलनं किती फरक पडेल? तांदळाच्या दोन-तीन दाण्यांचा. आणि हा डबा मिलिगॅलचाही शंभरावा भाग ओळखतो. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यातल्या एका दाण्याचा बारीकसा कण कमी झाला तरी त्याला समजतं.

एवढं नाजूक यंत्र म्हटल्यावर त्याला नको ते सगळंही समजतं. चंद्र आणि सूर्य समुद्राला ओढतात म्हणून कोकणात भरती-ओहोटी येते, हे आपल्याला माहीत आहे. तेच चंद्र-सूर्य ह्या डब्यातल्या वजनालाही ओढतात, त्यानं दिवसभरात आकडा पाव मिलिगॅलच्या आसपास हलतो. स्प्रिंगही दिवसभरात थोडी थोडी बदलते. म्हणून ती माणसं सकाळी एका ठरलेल्या जागी आकडा घेतात आणि संध्याकाळी परत त्याच जागी येतात. एकाच ओट्यावर दोनदा आली म्हणून गावाला संशय येतो. कारण एवढंच आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. हवेतल्या हवेत तीन मीटर वर गेलं की जवळजवळ एक मिलिगॅल कमी होतो. त्यामुळं जागेची उंची अचूक माहीत नसेल तर सगळं मोजमाप वाया जातं. म्हणून डब्याबरोबर उंची मोजायची दुर्बीण किंवा जीपीएस असतो, आणि जागा पुन्हा सापडावी म्हणून खूण असते. ती खूण उंचीची आहे, हद्दीची नाही. तिच्यावरून कुणाचा सातबारा बदलत नाही आणि कुणाचा वनहक्काचा दावा मोडत नाही. हे वाडीवर जाऊन आधी सांगा.

आकडे घेऊन झाले की बाकीचं काम कागदावर असतं. उंचीमुळं पडलेला फरक काढायचा. मधल्या दगडाच्या थरामुळं वाढलेली ओढ काढायची. शेजारी उभा कडा असेल तर तो डब्यातल्या वजनाला वरच्या अंगाला ओढतो, खोल दरी असेल तर तिथं दगडच नसल्यामुळं ओढ कमी पडते. सह्याद्रीत पावलापावलाला कडा आणि दरी, त्यामुळं आपल्याकडं हा हिशोब किचकट होतो. हे सगळं वजा केल्यावर जो फरक उरतो, तो जमिनीखालच्या दगडांचा. त्यालाच गुरुत्वाची विसंगती म्हणतात. सारखी विसंगती असलेल्या जागा रेषेनं जोडल्या की नकाशा तयार होतो.

डोंगराला मूळ असतं

ही विद्या फक्त परदेशातून आलेली नाही. तिचा एक मोठा धडा आपल्याच देशाच्या मोजणीतून मिळाला. इंग्रजांच्या काळात साऱ्या देशाची त्रिकोणमितीय मोजणी झाली. उत्तरेतल्या कल्याणा आणि मध्य भारतातल्या कल्याणपूर ह्या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं. एकदा जमिनीवरून मोजून, एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरं जुळेनात. फरक ५.२४ विकला, म्हणजे जमिनीवर सुमारे दीडशे मीटर. ताऱ्यांवरून मोजताना ओळंबा धरावा लागतो. हिमालय ओळंब्याला आपल्याकडं ओढतो म्हणून चूक आली, हे सरळ होतं. पण कलकत्त्याला राहणाऱ्या प्रॅट नावाच्या पाद्र्यानं १८५५ च्या सुमारास हिशोब केला तेव्हा उलटाच प्रश्न उभा राहिला. एवढा मोठा हिमालय, त्यानं ओळंबा ह्याच्या तिप्पट ओढायला हवा होता. मग कमी का ओढला?

त्याच वर्षी इंग्लंडातल्या एअरी नावाच्या शास्त्रज्ञानं उत्तर सुचवलं. पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगताना बघा. जाड ओंडका पाण्याच्या वर जास्त दिसतो आणि पाण्याखालीही जास्त बुडालेला असतो. डोंगरही तसेच. पृथ्वीचं वरचं कवच हलक्या दगडाचं आहे, खालचा थर जड आहे. जिथं डोंगर उंच तिथं हलक्या दगडाचं मूळ खाली खोलवर गेलेलं असतं. वर डोंगराचा भार वाढला तरी खाली जड दगडाची जागा हलक्या दगडानं घेतलेली असते, म्हणून एकूण ओढ वाटते तेवढी वाढत नाही. नुसत्या ओळंब्याच्या चुकीवरून जमिनीखालच्या कितीतरी कोसांची गोष्ट कळली.

आपल्याकडंही तसंच दिसतं. कोकणकिनाऱ्याकडून घाट चढून देशावर येताना दुरुस्त केलेला गुरुत्वाचा आकडा उतरत जातो. पण नुसत्या गुरुत्वावर विसंबायचं नसतं, म्हणून दुसरी रीतही लावली. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं कोकणातल्या गुहागरपासून सांगली जिल्ह्यातल्या चोरोचीपर्यंत एका सरळ रेषेत जमिनीत सुरुंग उडवले आणि त्यांचे हादरे खाली जाऊन किती वेळानं परत येतात ते ऐकलं. त्यावरून आपल्या भागातलं कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड आहे हे समजलं. कोयनेपासून कराड जेवढं लांब, त्याहून थोडं कमी. आपल्या साऱ्या डोंगररांगा, धरणं, गावं एवढ्या जाडीच्या कवचावर आहेत.

बंद पोत्याची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. तो नीट ऐका, कारण नकाशा दाखवून कुणी आपल्याला फसवायचं म्हटलं तर इथंच फसवेल.

तुमच्यासमोर एक तोंड शिवलेलं पोतं आहे. उघडायचं नाही, नुसतं काट्याला लावायचं. साठ किलो भरलं. आत काय आहे? सगळा तांदूळ असेल. अर्धं तूस आणि तळाशी दगड असतील. ज्वारीत वाळू मिसळलेली असेल. वजन एकच, आतला माल वेगळा. नुसत्या वजनावरून शपथ घेऊन कुणीच सांगू शकत नाही. तरीही वजनाचा उपयोग होतो. साठ किलोच्या पोत्यात नुसता कापूस नाही, एवढं आपण ठामपणे म्हणू शकतो. काही उत्तरं बाद होतात, बाकीची उरतात.

गुरुत्वाचंही तसंच आहे. एक घनमीटर पाणी एक टन भरतं. एक घनमीटर ग्रॅनाइट सुमारे २.६५ टन. आपला डोंगरातला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे २.८ ते २.९ टन. ग्रॅनाइटच्या जागी एक किलोमीटर जाडीचा काळा दगड असला तर गुरुत्वात साधारण सहा ते दहा मिलिगॅलची वाढ होईल. उलट, जवळचा लहान हलका थर आणि खूप खोलवरचा मोठा हलका थर, दोघंही आकडा सारखाच खाली आणू शकतात. डबा एवढंच म्हणतो की इथं खाली काहीतरी हलकं आहे. ते काय आहे आणि किती खोल आहे हे माणूस अनुमानानं ठरवतो, आणि माणसं वेगवेगळी अनुमानं करतात.

ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. ती कोयनेतच घडली.

कोयनेखाली काय आहे

१९६७ साली ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे ६.३ तीव्रतेचा. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. जुन्या माणसांना ती पहाट आठवते. त्याच्या आधी पाच-सहा वर्षांपूर्वी शिवाजीसागरात पाणी साठायला सुरुवात झाली होती. दख्खनचं पठार म्हणजे अढळ, इथं भूकंप होत नाहीत, अशी तोवर समजूत होती. मग पायाखाली असं काय आहे, हे शोधणं भाग पडलं. आणि अडचण अशी की वरचा काळा दगड सगळं झाकून बसलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर पसरले, त्यांनी जुनी जमीन गाडून टाकली. डोळ्यांनी काही दिसत नाही. अशा ठिकाणी गुरुत्वाचा नकाशा कामाला येतो.

नकाशात कोयनेच्या भागात उत्तर-दक्षिण पसरलेला कमी गुरुत्वाचा पट्टा दिसला. दुसरा कुर्डुवाडीकडं. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी ह्या दोन शास्त्रज्ञांनी अनुमान मांडलं की काळ्या दगडाखाली दोन खचदऱ्या दडलेल्या असाव्यात. खचदरी म्हणजे दोन बाजूंच्या भेगांमधला जमिनीचा पट्टा खाली बसून झालेली दरी. अशा दरीत सहसा गाळाचा हलका दगड साठतो, म्हणून गुरुत्व कमी भरतं. अनुमान बिनबुडाचं नव्हतं. दरीच्या कडेला भेगा असतात आणि भेगा असल्या की भूकंपाचा अर्थ लागतो. दुसऱ्या काहींनी तोच आकडा वेगळा वाचला. ते म्हणाले, इथं कवचच जाड आहे, सह्याद्रीचं मूळ खाली गेलंय, म्हणून कमी भरतंय. नकाशा एक आणि वाचणारे दोन.

ह्याचा निकाल वजनानं लागत नाही. पोत्यात बांबू खुपसून माल बाहेर काढावा लागतो. तोही पुढं खुपसला. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कोयनेत खोल विवरं घेण्याचं काम हाती घेतलं, त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभारली. कोयनानगरजवळ रासाटीला १,५२२ मीटर खोल विवर घेतलं. तिथं काळ्या दगडाची जाडी ९३२.५ मीटर भरली. नंतर २०१७ मध्ये कोयना-वारणेच्या मधल्या पट्ट्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवर पुरं झालं. तिथं काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला. आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या खाली काय लागलं? गाळाचा दगड नाही. काळा दगड संपला की थेट जुना ग्रॅनाइट आणि नाइस, अडीचशे कोटी वर्षांहून जुना.

म्हणजे निदान ह्या दोन जागी तरी गाळानं भरलेली दरी खाली नाही. त्या शास्त्रज्ञांना आपण हसायचं कारण नाही. त्यांच्या हातात तेव्हा नुसतं वजन होतं. शास्त्र असंच पुढं जातं, एक अनुमान करतो, दुसरा बांबू खुपसून बघतो. विवरं कुठं घ्यायची, काळ्या दगडाखालचा ग्रॅनाइट कुठं वर आला आहे आणि कुठं खाली गेला आहे, हे ताडायला पुन्हा गुरुत्वच वापरलं. ह्या वेळी हवेतून उडत मोजमाप केलं. खालून जाणारं विमान बघून काही गावांत लोक घाबरले असतील, तर त्याचा अर्थ आता सांगता येईल.

आपण घ्यायचा धडा वेगळा आहे. कुणीही अधिकारी, कंपनीवाला, पुढारी, उद्या आपल्यातलाही कुणी, नकाशावर बोट ठेवून म्हणाला की "ह्यावरून सिद्ध झालंय", तर त्याला विचारायचं: हे वजनावरून म्हणता, की बांबू खुपसून? बांबू खुपसला असेल तर कुठं, किती खोल, काय निघालं?

मग भूकंपाचं काय

डबा भूकंपाची तारीख सांगतो का? नाही. गुरुत्व दगडाचं वजन सांगतं. दगडावर किती ताण आहे आणि तो कधी तुटेल हे त्यातून निघत नाही.

भूकंपाची भेग तरी दिसते का? कधी दिसते, कधी नाही. भेगेच्या एका बाजूला जड दगड आणि दुसऱ्या बाजूला हलका असेल तर नकाशात पायरीसारखा फरक उमटतो. पण १९६७ ला कोयनेत खालचा दगड मुख्यतः आडवा सरकला, एक बाजू दुसऱ्या बाजूला घासत गेली. दोन्हीकडं तोच ग्रॅनाइट. वजनात फरक पडणार कुठून? म्हणून तिथं दुसरी साधनं लागतात. हादरे नोंदणारी ठाणी, विवरातली यंत्रं.

धरणामुळं भूकंप होतात का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. ह्याचं उत्तरही गुरुत्वातून आलेलं नाही. ते आलं हादऱ्यांच्या नोंदीतून. जलाशय भरायला लागल्यावर हादरे सुरू झाले, ते जलाशयाच्या आसपासच्या लहानशा पट्ट्यातच होतात, पाणी चढण्या-उतरण्याशी त्यांचा मेळ बसतो, आणि १९८५ पासून चांदोलीला वारणेचं पाणी साठायला लागल्यावर हादऱ्यांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडंही वाढला. १९६७ पासून आजवर पाचच्या वरचे वीसहून जास्त भूकंप ह्या पट्ट्यात झाले, लहान हादऱ्यांची तर गणतीच हजारांत. आधीपासून ताणलेल्या जुन्या भेगेला पाण्यानं ढकललं, असं जगभरचे शास्त्रज्ञ मानतात आणि कोयनेचं नाव त्यासाठी जगात घेतलं जातं. आपण मांडताना हेच मांडू. "धरणानं भूकंप घडवला हे गुरुत्वाच्या नकाशानं सिद्ध झालं" असं आपल्या एखाद्या पत्रकात छापलं तर एका मिनिटात ते खोडून काढतील, आणि त्याच्याबरोबर आपल्या खऱ्या मागण्याही खोट्या ठरवतील.

आणि एक गोष्ट नकाशाची वाट न बघता आज माहीत आहे. १९६७ ला माणसं मारली ती भेगेनं नाही, घरांनी. गोल दगड आणि माती रचून केलेल्या जाड भिंती दोन्ही अंगांना फाकल्या आणि वरचं जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. कुडाच्या हलक्या भिंती असं मारत नाहीत. दगडीच बांधायचं तर भिंतीच्या दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे लांब दगड थराथरात घालावेत, कोपरे नीट गुंफावेत, दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती सलग पट्टा बांधावा. पुनर्वसनाच्या गावात सरकारी घरकुल मिळतं तेव्हा हा पट्टा घातलाय का, हे बघायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. आपल्या बायका रोज त्या भिंतींना शेण-मातीनं सारवतात, भिंत कुठं फाकते ते त्यांना आधी कळतं. त्यांना विचारून तपासणी करा.

खाण आणि जमीन

आता खाणीची भीती. गुरुत्वमापन खनिज शोधायलाही वापरतात, हे खरं आहे. जगात तेल आणि काही जड धातूंच्या शोधात त्याचा उपयोग झाला आहे. पण आपल्या डोंगरात भीती असते ती बॉक्साइटची. बॉक्साइट सड्यावरच्या जांभ्यात असतं, जमिनीच्या वरच्या अंगाला. ते शोधायला सड्यावर ओळीनं खड्डे घेतात, उथळ विवरं घेतात, मातीचे नमुने पिशवीत भरून चिठ्ठ्या लावतात. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं डबा ठेवणारा आणि सड्यावर ओळीनं खड्डे घेणारा, हे दोघं वेगळे. दुसरा दिसला की त्याच दिवशी ग्रामसभेला कळवायचं.

तिसरा प्रकार मोजणीवाल्यांचा. जमिनीची मोजणी भूमी अभिलेख खात्याची असते, तिला नोटीस असते, शेजाऱ्यांना बोलवावं लागतं. नोटीस नसताना कुणी हद्द धरत असेल तर तिथं उभं राहायचं.

चौथा प्रकार खोल विवराचा. डब्याला जमीन लागत नाही, पण विवराला लागते. यंत्र उभं करायला मैदान, जायला-यायला रस्ता, पाणी, चिखल टाकायला खड्डा. शास्त्राचं काम म्हणून त्याला सूट नाही. जागा जंगलजमिनीतली असेल, आपल्या दाव्यातली किंवा सामूहिक हक्कातली असेल, तर २००६ चा वनहक्क कायदा तिथंही लागू आहे आणि ग्रामसभेसमोर विषय यायलाच पाहिजे. शास्त्र हवं आहे, विचारल्याशिवाय नको.

वाडीवर काय करायचं

एक. डबा घेऊन कुणी आलं तर अडवू नका, दमदाटी करू नका. बहुतेक वेळा ती पगारावरची साधी पोरं असतात. चहा द्या आणि विचारा: कोणत्या खात्याचे, पत्र कुठंय, कशासाठी मोजता, गावाचं नाव नोंदलं का. पत्राचा फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा.

दोन. उंचीची खूण कुणी उखडू नका. पुढच्या वेळी त्याच जागी मोजता आलं नाही तर आपल्याच भागाची माहिती तुटते.

तीन. ग्रामसभेत ठराव करा की आमच्या गावात केलेल्या मोजमापाचा निष्कर्ष आम्हाला मराठीत, सोप्या शब्दांत मिळावा. तो आपणहून आला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा अर्ज आहे, दारिद्र्यरेषेखालच्याला तेवढेही लागत नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात मोघम लिहू नका. गावाचं नाव, मोजमापाची तारीख, खातं आणि "अहवालाची प्रत" असं स्पष्ट लिहा.

चार. शाळेतल्या मोठ्या मुलांना हे सांगा. दोन सारखी पोती शिवून, एकात तूस-दगड आणि एकात धान्य भरून, दोन्ही सारखीच भरतील असं बघून त्यांच्यासमोर वजन करून दाखवा. तोंडी सांगितलेलं विसरतात, हे विसरणार नाहीत.

पाच. प्रत्येक वाडीतल्या किती घरांना दाराच्या वरचा पट्टा आहे आणि किती घरांना नाही, एवढी साधी यादी पुढच्या बैठकीला आणा. घर कुणाचं, भिंत कशाची, छप्पर कशाचं, एवढं पुरे. त्या याद्या घेऊन आपण तहसीलला जाणार आहोत.

पाच दशकं झाली, आपल्या पायाखालची जमीन तोलली जातेय. आकडे हैदराबादला गेले, नागपूरला गेले, परदेशातल्या मासिकांत छापले गेले. जिथून घेतले त्या ओट्यावर मात्र कुणी परत येऊन बसलं नाही. ते बोलावणं आता आपण करायचं आहे. आणि हजारमाचीची प्रयोगशाळा लांब नाही, कराडपर्यंत तर आपली एसटी जाते.

आमच्या पायाखालची जमीन, आम्हाला तिची माहिती!
जिंदाबाद.